नव्या राष्ट्रात पहिल्या तारखेला पेन्शन कोण देणार?

प्रति,
स्वतंत्र राष्ट्रासाठी सार्वमत मागणाऱ्या चळवळींचे नेते, आणि त्या राष्ट्राचा आराखडा लिहायला बसलेल्या समित्यांचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी राजकारणातला माणूस नाही. तीसेक वर्षे निवृत्तिवेतनाच्या फायली तपासण्यात गेली. सेवापुस्तिकेतली पाने मोजायची, खंडित सेवा जोडायची, वारसाचे नाव नोंदले आहे का ते पाहायचे, हयातीचा दाखला आला नसेल तर तो मागवायचा, हे माझे काम. तरीही स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या राष्ट्रांबद्दल तुम्हाला लिहितो आहे, कारण या विषयावर जे बोलले आणि लिहिले जाते त्यात माझ्या टेबलावरच्या माणसांचा उल्लेख मला क्वचितच दिसला.

नोकरीतली एकच फाईल सांगतो. एका खात्याचे विभाजन होऊन दोन खाती झाली. एका कर्मचारी बाईंची अर्धी सेवा जुन्या खात्यातली होती, अर्धी नव्यातली. सरकार एकच, कायदा एकच, चलनही तेच. तरी जुन्या सेवेचा भार कोणी उचलायचा यावर दोन्ही कार्यालयांचे एकमत होईना. प्रत्येक पत्राला शेरा एकच: ‘सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही.’ बाईंना पूर्ण पेन्शन सुरू व्हायला चार वर्षे लागली. ती फाईल आठवली की मला पुढचा प्रश्न पडतो. दोन खात्यांच्या जागी दोन देश असते, तर?

हा प्रश्न खरोखर पडून गेला आहे, आणि तोही जगातल्या सर्वांत शांत वाटणीनंतर. ३१ डिसेंबर १९९२ च्या मध्यरात्री चेकोस्लोव्हाकिया संपला आणि चेक प्रजासत्ताक व स्लोव्हाकिया असे दोन देश झाले. गोळी चालली नाही. संघराज्याची मालमत्ता लोकसंख्येच्या प्रमाणात दोनास एक अशी वाटली गेली, स्थावर मालमत्ता जिथे होती तिथल्या देशाकडे गेली. पेन्शनचाही करार झाला, आणि त्यात एक साधा निकष धरला: फाळणीच्या दिवशी तुमच्या मालकाचे मुख्यालय ज्या देशात असेल, त्या देशाने तुमच्या आधीच्या सेवेची पेन्शन द्यायची. कागदावर हा निकष चोख दिसतो. मी टेबलावर असतो तर कदाचित मीही हाच सुचवला असता.

पण चेक भागातल्या ब्रनो शहरात राहणाऱ्या आणि तिथेच काम करणाऱ्या माणसाच्या कंपनीचे मुख्यालय स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हात असेल, तर त्याची पेन्शन स्लोव्हाकियाची ठरली. पुढे दोन्ही देशांतले पेन्शनचे दर वेगळे होत गेले आणि स्लोव्हाक पेन्शन कमी पडू लागली. आयुष्यभर शेजारी राहिलेल्या दोन चेक नागरिकांच्या हातात वेगवेगळी रक्कम येऊ लागली, ती केवळ मुख्यालयाच्या पत्त्यामुळे. चेक घटनात्मक न्यायालय म्हणाले, आपल्या नागरिकांना फरकाची रक्कम सरकारने द्यावी. तिथल्याच सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाला ते मान्य नव्हते, म्हणून त्याने प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. २०११ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की, ही भरपाई फक्त चेक नागरिकांना देणे हा भेदभाव आहे. आणि जानेवारी २०१२ मध्ये चेक घटनात्मक न्यायालयाने जाहीर केले की, युरोपीय न्यायालयाने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन निकाल दिला आहे. फाळणीला तोवर एकोणीस वर्षे झाली होती. या वादातल्या माणसांचे वय डोळ्यांसमोर आणा. निकालाची वाट पाहणे हीच त्यांची म्हातारपणातली नोकरी झाली असेल.

मी स्वातंत्र्याच्या विरोधात नाही, हे इथेच सांगतो, नाहीतर पत्र चुकीच्या चष्म्यातून वाचले जाईल. आपले निर्णय आपण घेण्याची किंमत पैशांत होत नाही. १३ ऑगस्ट १९०५ रोजी नॉर्वेत स्वीडनपासून वेगळे व्हायचे का यावर मतदान झाले. बाजूने ३,६८,२०८ मते पडली, विरुद्ध १८४. त्या आकड्यापुढे कोणी जमाखर्चाची वही धरली असती तर लोकांना तो अपमान वाटला असता, आणि तो योग्यच ठरला असता. पण त्यानंतर त्याच नॉर्वेने काय केले ते पाहा. कार्लस्टाड येथे स्वीडनबरोबर बसून करार केले. वाद लवादाकडे न्यायचे कसे, सीमेवर लष्करमुक्त पट्टा कुठे ठेवायचा, एकमेकांच्या हद्दीतून मालाची वाहतूक कशी चालेल, सामायिक नद्या-तळ्यांच्या पाण्याचे काय, हे सगळे त्यात आले. आणि उत्तरेकडच्या सामी या आदिवासी लोकांचे रेनडियर दरवर्षी सीमा ओलांडून चरायला जातात, त्या कुरणांच्या हक्काचाही स्वतंत्र करार झाला. राष्ट्र जन्माला येत असताना कोणीतरी रेनडियरच्या चाऱ्याचा विचार केला होता. माझी तुमच्याकडे मागणी त्याच जातीची आहे.

आता चलनाकडे वळतो, कारण पेन्शन शेवटी कुठल्यातरी नोटेतच द्यायची असते.

चेक आणि स्लोव्हाक सरकारांनी ठरवले होते की, फाळणीनंतर निदान सहा महिने एकच कोरुना चालू ठेवायचा. तो सहा आठवडेही टिकला नाही. स्लोव्हाक चलन घसरणार हे लोकांनी ओळखले आणि पैसा चेक बँकांकडे वाहू लागला. ८ फेब्रुवारी १९९३ रोजी चलने वेगळी झाली. पण दोन्ही बाजूंनी आधीच छोटी चिकट तिकिटे छापून ठेवली होती. जुन्या नोटेवर तिकीट चिकटवायचे आणि नव्या नोटा येईपर्यंत तीच नोट चालवायची. ठरलेली योजना मोडली तर काय करायचे याचीही योजना त्यांच्याकडे होती, म्हणून त्या आठवड्यात दुकाने उघडी राहिली. मला त्या तिकिटांचे कौतुक वाटते.

सोव्हिएत संघातून सुटलेल्या एस्टोनियाने याहून पुढचा विचार केला. २० जून १९९२ रोजी त्यांनी आपला क्रोन आणला. प्रत्येक रहिवाशाला १,५०० रूबलपर्यंतची रोकड दहा रूबलला एक क्रोन या दराने बदलून दिली. आठ क्रोन म्हणजे एक जर्मन मार्क असा भाव बांधून घेतला. त्यामागे आधार म्हणून सोने होते. महायुद्धाआधी परदेशी बँकांत ठेवलेले सोने स्वतंत्र एस्टोनियाला परत मिळाले होते. उलट सोव्हिएत संघातून निघालेली जी नवी राष्ट्रे काही काळ रूबलमध्येच राहिली, तिथे विचित्र अवस्था झाली. नोटा छापायचा अधिकार मॉस्कोकडे, पण रूबलमध्ये कर्जे वाटायला प्रत्येक राजधानीची मध्यवर्ती बँक मोकळी. एका पिशवीत अनेक हात होते आणि महागाईचा भार सगळ्यांवर पडत होता. जुलै १९९३ मध्ये रशियाने जुन्या नोटा अचानक रद्द केल्या तेव्हा तो खेळ संपला. बाकीच्यांना घाईघाईत आपापली चलने उभी करावी लागली.

दुसऱ्याचे चलन वापरायचाही मार्ग आहे. पूर्व तिमोरने अमेरिकन डॉलर घेतला, माँटेनेग्रोत युरो चालतो. त्यात महागाई आटोक्यात राहते. पण बँक बुडायला लागली तर नोटा छापून तिला सावरणारे घरात कोणी नसते, आणि हे आराखड्यात स्पष्ट लिहायला हवे. एरिट्रियाने १९९३ मध्ये स्वतंत्र झाल्यावर इथिओपियाचा बिर्र चालू ठेवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये स्वतःचा नाक्फा आणला. व्यापार कोणत्या चलनात करायचा यावर दोघांत कडवटपणा वाढला. सहा महिन्यांत, मे १९९८ मध्ये, सीमेवर युद्ध पेटले. युद्धाचे कारण फक्त चलन नव्हते, पण ज्या शेजाऱ्याशी हद्द आखायची आहे त्याच्याशी पैशांवरून तंटा असेल तर हद्दीचे बोलणे कसे होणार?

स्कॉटलंडच्या सरकारचे मला एका गोष्टीसाठी कौतुक वाटते. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमताआधी दहा महिने त्यांनी शेकडो पानांचा आराखडा छापून लोकांच्या हाती दिला. इतका तपशील मतदानाआधी फार थोड्या चळवळींनी मांडला आहे. पण तो आराखडा दोन खांबांवर उभा होता, आणि दोन्ही खांब स्कॉटलंडच्या हातातले नव्हते. पहिला खांब पाउंडचा होता. उरलेल्या ब्रिटनबरोबर चलन सामायिक ठेवू असे लिहिले होते आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनने नकार दिला. दुसरा खांब तेलाचा. उत्पन्नाच्या अंदाजात पिंपाला सुमारे ११३ डॉलर भाव धरला होता. स्वातंत्र्याचा दिवस ठरला होता २४ मार्च २०१६, आणि त्या वर्षी जानेवारीत भाव ३० डॉलरच्या खाली गेला होता. लोकांनी ५५ टक्क्यांहून थोड्या जास्त मतांनी ‘नाही’ म्हटले, म्हणून तो हिशेब प्रत्यक्षात तपासला गेला नाही. स्कॉटलंड त्या भावातही उभे राहिले नसते असे मी म्हणत नाही. देश कर्ज काढतात, कर वाढवतात, खर्च कापतात. पण कुठला खर्च कापला असता? ‘भाव निम्म्यावर आला तर आपण अमुक योजना थांबवू’ हे वाक्य मतदानाआधी छापायला धैर्य लागते. ते धैर्य तुम्ही दाखवावे असे मला मनापासून वाटते. लोक असे वाक्य वाचून पळून जातील ही भीती मला पटत नाही. घर चालवणाऱ्या माणसाला वाईट महिना काय असतो ते ठाऊक असते.

आता दक्षिण सुदान. याबद्दल लिहिताना हात जड होतो. जानेवारी २०११ च्या सार्वमतात ९८.८३ टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितले. त्यामागे दशकांचे युद्ध आणि लाखोंचे मृत्यू होते. त्या मतावर बोट ठेवायचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही. ९ जुलै २०११ रोजी ध्वज चढला. जुन्या सुदानच्या तेलाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग नव्या देशाकडे आला. पण ते तेल समुद्राकडे नेणाऱ्या वाहिन्या उत्तरेतून जात होत्या आणि बंदरही उत्तरेकडेच, पोर्ट सुदानला. वाहिनी वापरायचे भाडे किती, हे ध्वज चढला तेव्हा ठरलेले नव्हते. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत कमालीचे अंतर होते. खार्तूम, म्हणजे सुदानचे सरकार, आपले तेल परस्पर काढून घेते असा आरोप करून जुबाच्या, म्हणजे दक्षिण सुदानच्या, सरकारने जानेवारी २०१२ मध्ये विहिरीच बंद केल्या. सरकारच्या उत्पन्नापैकी सुमारे ९८ टक्के त्या विहिरींतून येत होते. आदिस अबाबात सप्टेंबर २०१२ मध्ये करार झाला आणि तेल पुन्हा वाहायला एप्रिल २०१३ उजाडला. डिसेंबर २०१३ मध्ये देशात यादवी सुरू झाली. यादवीची मुळे सत्तेच्या भांडणात होती, वाहिनीत नव्हती. तरी पहिल्या अडीच वर्षांतली सुमारे सव्वा वर्षाची मिळकत गमावलेला देश त्या भांडणाला सामोरा गेला. एक दर, एक मुदत, एक लवाद, एवढा कागद ९ जुलैच्या आधी सहीचा असता तर?

सिंगापूरने तसा कागद करून घेतला होता. ९ ऑगस्ट १९६५ रोजी ते मलेशियातून बाहेर पडले तेव्हा त्यांच्याकडे पुरेसे पाणी नव्हते. ते मलेशियातल्या जोहोर राज्यातून येत होते. १९६१ आणि १९६२ चे पाणीकरार पाळले जातील ही हमी विभक्त होण्याच्या करारातच घातली गेली. त्यातला १९६२ चा करार २०६१ पर्यंत चालणार आहे. दरावरून दोन्ही देशांत कुरबुरी झाल्या, अजून होतात, पण नळ बंद झाला नाही. याउलट आपल्या उपखंडात काय झाले? फाळणीत पंजाबच्या कालव्यांचे दरवाजे एका बाजूला आणि त्यांवर भिजणारी शेते दुसऱ्या बाजूला गेली. ‘जैसे थे’ करार ३१ मार्च १९४८ ला संपला आणि १ एप्रिलला भारताकडच्या पूर्व पंजाबने पाणी अडवले. सिंधू पाणीवाटप करारावर सह्या व्हायला १९ सप्टेंबर १९६० उजाडले. त्याच फाळणीत एक शहाणी तरतूदही होती, तिची आठवण कमी होते. पाकिस्तानची मध्यवर्ती बँक उभी राहीपर्यंत भारतीय रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचे काम पाहत होती, आणि भारतीय नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. दोन्ही बाजूंना रक्ताचे पाट वाहिलेल्या त्या महिन्यांत कोणीतरी ही व्यवस्था सांभाळत होते. ३० जून १९४८ पर्यंत ती चालली.

विजेचे थोडक्यात सांगतो. लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया १९९१ मध्ये स्वतंत्र झाले, पण त्यांची विद्युतजाळी मॉस्कोच्या नियंत्रणाखालच्या जाळ्याला जोडलेली राहिली. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये सुटली. कोसोवोने २००८ मध्ये सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केले. २०१८ च्या सुरुवातीला कोसोवो आणि सर्बिया यांच्यातल्या विजेच्या वादामुळे युरोपच्या मुख्य भूमीवरच्या सामायिक जाळ्याची वारंवारिता इतकी घसरली की त्यावर चालणारी घड्याळे सहा मिनिटे मागे पडली. कोसोवोला स्वतःचा दूरध्वनी संकेतांकही डिसेंबर २०१६ मध्ये मिळाला. घोषणा एका दिवसात होते, तारा सोडवायला पिढी जाते.

आता ज्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला घेतले ते.

नवे राष्ट्र जन्मले की पहिली यादी नागरिकांची होते. कोण आपले, कोण नाही. स्लोव्हेनियाचे उदाहरण मला सोडत नाही, कारण ते अपयशी राष्ट्र नाही. १९९० च्या सार्वमतात त्यांच्या एकूण मतदारांपैकी ८८ टक्क्यांहून अधिकांनी स्वातंत्र्य मागितले. पुढे ते युरोपीय संघात गेले, युरो आला, सुबत्ता आली. पण तिथे युगोस्लाव्हियाच्या इतर प्रजासत्ताकांतून आलेली माणसेही राहत होती. कोणी खाणीत, कोणी बांधकामावर, कोणी सैन्यात. अनेकांची मुले तिथेच जन्मलेली. त्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करायला सहा महिने दिले गेले. ज्यांनी अर्ज केला नाही किंवा ज्यांचा नाकारला गेला, अशा २५,६७१ जणांची नावे २६ फेब्रुवारी १९९२ रोजी कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आली. त्यांना कळवलेही नाही. कोणी परवाना नूतनीकरणाला, कोणी पत्ता बदलायला कार्यालयात गेला, तेव्हा खिडकीमागच्या माणसाने ओळखपत्र मागितले आणि त्याला भोके पाडून परत दिले. नोकरी, आरोग्यविमा, पेन्शनचा हक्क, सगळे त्या भोकांतून गेले. स्लोव्हेनियन भाषेत त्यांना ‘पुसलेले’ म्हणतात. तिथल्याच घटनात्मक न्यायालयाने १९९९ मध्ये ही कृती घटनाबाह्य ठरवली. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०१२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे वीस वर्षांनी.

ते भोक पाडणारे यंत्र माझ्याही टेबलावर असायचे. फायली दोऱ्याने बांधण्यासाठी ते वापरत असू. खिडकीमागच्या त्या माणसाला वरून परिपत्रक आले असेल आणि त्याने ते पाळले असेल. मीही परिपत्रके पाळली आहेत. म्हणून तुम्हाला सांगतो, नागरिकत्वाचे कलम लिहिताना अर्ज न केलेल्या माणसाचे काय होणार ते आधी लिहा. अर्ज करणारा माणूस सावध असतो, शिकलेला असतो, त्याला कोणीतरी सांगितलेले असते. अर्ज न करणारा आजारी असेल, परगावी असेल, अक्षरशत्रू असेल, किंवा ‘आपण तर इथलेच’ अशा विश्वासाने बसलेला असेल. दक्षिण सुदान वेगळा झाला तेव्हा खार्तूममध्ये जन्म काढलेल्या दक्षिणी लोकांचे सुदानी नागरिकत्व असेच गेले. त्यांना कागदपत्रे करायला नऊ महिने मिळाले, आणि ज्या देशाची कागदपत्रे हवी होती त्या देशाची कार्यालये अजून उभी राहत होती.

बँकेतल्या ठेवींचेही तसेच. बोस्नियाच्या सारायेव्होतल्या लोकांनी स्लोव्हेनियाच्या राजधानीतल्या, ल्युब्ल्यानाच्या बँकेच्या शाखेत परकीय चलनात बचत ठेवली होती. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बँकेचे मुख्यालय एका देशात, शाखा दुसऱ्या देशात. पैसे कोणी द्यायचे? मानवी हक्क न्यायालयाने स्लोव्हेनियाला जबाबदार धरले ते जुलै २०१४ मध्ये. आंतरराष्ट्रीय कायदा यात फारसा उपयोगी पडत नाही. राज्याची मालमत्ता, अभिलेख आणि कर्जे यांच्या वारसाहक्कावर व्हिएन्नात १९८३ मध्ये करार लिहिला गेला, पण पुरेशा देशांनी मान्यता न दिल्याने तो आजही लागू नाही. त्यामुळे जे लेखी ठरवून घ्याल तेवढेच तुमचे. आणि काय लिहून देता तेही पाहा. हैतीने लढून स्वातंत्र्य मिळवले, तरी १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका आणून १५ कोटी फ्रँकची भरपाई लिहून घेतली. पुढे ती ९ कोटींवर आली, पण त्यापायी काढलेल्या कर्जांचे शेवटचे हप्ते १९४७ पर्यंत फिटत होते.

आता तुमच्या विरोधकांबद्दल, कारण तेही हे पत्र वाचतील आणि यातल्या सोयीच्या ओळी उचलतील. एकत्र राहण्याचाही खर्च असतो आणि तोही कोणी छापत नाही. आपल्या पाण्याचा, खाणीचा, शाळेच्या भाषेचा निर्णय दूरच्या राजधानीत होतो, त्याची किंमत पिढ्यान् पिढ्या मोजली जाते. पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटाच्या लोकांना तिथल्या पांगुना या तांब्याच्या खाणीने काय दिले आणि काय नेले, हे त्यांनी २०१९ च्या सार्वमतात सुमारे ९८ टक्के मतांनी सांगितले आहे. फाळणीनंतर स्लोव्हाकिया गरीबच राहील असे भाकीत होते, आणि त्याच स्लोव्हाकियाने २००९ मध्ये युरो स्वीकारला. पूर्व तिमोरने ३० ऑगस्ट १९९९ रोजी ७८.५ टक्के मतांनी इंडोनेशियापासून स्वातंत्र्य निवडले. सूडाने देशातल्या सुमारे ७० टक्के पायाभूत सुविधा उद्ध्वस्त केल्या गेल्या. माध्यमिक शाळांतले बहुतेक शिक्षक इंडोनेशियन होते, ते निघून गेले. तिथल्या लोकांना ‘परवडले का?’ असे विचारायचे धाडस मला होणार नाही. पण त्याच देशाने २००५ मध्ये तेलाच्या पैशांसाठी वेगळा निधी कायद्याने बांधला, आणि ऑस्ट्रेलियाबरोबरची सागरी हद्द मार्च २०१८ मध्ये सही होईपर्यंत सोडली नाही. हिशेब मांडणे म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे त्यांनी दाखवले.

ग्रीनलंडचा २००९ चा कायदा मला याच कारणासाठी आवडतो. स्वतंत्र होण्याचा हक्क त्यात लिहिला आहे. शेजारीच डेन्मार्ककडून येणाऱ्या वार्षिक अनुदानाची रक्कमही लिहिली आहे, आणि खनिजांचे उत्पन्न एका मर्यादेपुढे वाढले की त्याच्या निम्म्याने अनुदान कमी होत जाईल असेही. हक्क आणि त्याचा खर्च, दोन्ही एकाच कायद्यात. ग्रीनलंडचा मतदार तो वाचून घाई करील किंवा थांबेल, पण त्याच्यापासून काही लपवलेले नाही.

तुमच्यापैकी काहींनी तारखा जाहीर केल्या आहेत. बोगनव्हिलच्या नेत्यांनी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख सांगितली आहे. तारीख जाहीर झाली की वाटाघाटीत तुमची बाजू हलकी होते, कारण समोरच्याला फक्त वेळ काढायचा असतो. म्हणून पेन्शन, ठेवी, नागरिकत्व, पाणी आणि वाहतूक यांचे कागद आधी सहीचे करून घ्या, किंवा ते झाले नाहीत तर अंतरिम व्यवस्था काय असेल ते लोकांना सांगा. समोरच्याने सह्या करायला नकार दिला तर तेही छापा. कोण अडवते आहे ते लोकांना कळू द्या. आणि हे सगळे मतदानाआधी, लोक घरी बोलतात त्या भाषेत. ज्यांच्याकडे पैसा आणि पासपोर्ट आहे ते चूक झाली तर निघून जातात. ज्यांना निघता येत नाही त्यांनाच उरलेले बिल भरावे लागते, आणि सभांना सर्वांत मोठी गर्दीही त्यांचीच असते.

तुमचा आराखडा हाती आला की मी प्रस्तावना नंतर वाचेन. सवयीने आधी परिशिष्टे उघडेन. तिथे मी एक बाई शोधणार आहे. वय ६३, वीस वर्षे जुन्या राज्यात नोकरी, अकरा वर्षे पुढे नव्या राज्याच्या हद्दीत आलेल्या गावात. मालकाचे मुख्यालय सीमेपलीकडे, बचत त्याच्याही पलीकडच्या बँकेत, जन्मदाखला जळालेला. ध्वज चढल्यानंतरच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला तिने कोणत्या खिडकीवर जायचे, सोबत कोणता कागद न्यायचा आणि तिला किती रक्कम मिळेल, हे कोणत्या पानावर आहे तेवढे कळवा.

आपला नम्र,
निवृत्तिवेतन विभागातील एक निवृत्त कर्मचारी